गुण, याद्या आणि शोधनिबंधांचा बाजार

नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) अशी दोन राज्यस्तरीय विद्यापीठे असली, तरी जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये प्रामुख्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे शोधनियतकालिकांच्या नीतिनियमांचा अलीकडचा इतिहास येथील प्राध्यापकांच्या दृष्टीने पुण्याशी जोडलेला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आणि २०१० मध्ये प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणपद्धती आणली. परीक्षित नियतकालिकातील, म्हणजे त्या विषयाच्या जाणकारांकडून लेख तपासून घेणाऱ्या नियतकालिकातील, निबंधास १५ गुण ठरले. पण परीक्षण नसलेल्या, केवळ आयएसएसएन क्रमांक असलेल्या मान्य नियतकालिकातील निबंधासही १० गुण मिळू लागले. वस्तुतः हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही, आणि तो विनामूल्य मिळतो. त्यातील पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८ ते २ या संख्यांनी गुणून, बेरजेला ११ ने भागून येणाऱ्या बाकीवरून आठवा अंक ठरत असल्याने बनावट क्रमांक बहुतेक वेळा कागद-पेन्सिलीनेही पकडता येतो. तो पकडण्याची गरज मात्र फारशी कोणास वाटली नाही. पैसे भरून आठवड्याभरात लेख छापून देणारी नियतकालिके आणि चर्चासत्रांचे जाडजूड विशेषांक यांचे पीक आले, ते याच काळात.

आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, परंतु तीत विद्यापीठांच्या शिफारशींवरून बराच गाळ साचला. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या शिफारशींतील १,००९ नियतकालिकांचे परीक्षण प्रसिद्ध केले; त्यांपैकी सुमारे ३४.५ टक्क्यांनी पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीच दिली नव्हती वा चुकीची दिली होती, तर आणखी ५२.३ टक्के नियतकालिके चुकीचा आयएसएसएन, खोटे प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर) किंवा संपादकांची तोकडी पात्रता यांमुळे बाद ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली, जुलैमध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम केले, आणि पुढे मान्य नियतकालिकांच्या नव्या, ‘यूजीसी-केअर’ यादीचे काम पुणे विद्यापीठातील प्रकाशननीती केंद्राकडे सोपवले.

बाजाराने यावरही तोड काढली. यादीतील नियतकालिकाचे नाव व क्रमांक जसेच्या तसे उचलून बनावट संकेतस्थळ उभारायचे आणि लेखकांकडून शुल्क उकळायचे, अशी ‘प्रतिरूप’ नियतकालिके निघाली. ज्या जुन्या छापील नियतकालिकांचे स्वतःचे संकेतस्थळच नव्हते, त्यांची नक्कल करणे विशेष सोपे होते. गुणांची सक्ती कायम ठेवून केवळ यादी बदलत राहिल्याचाच हा परिणाम मानावा लागेल.

पीएच.डी.पूर्व निबंधाची सक्ती २०२२ मध्ये उठली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीच बंद झाल्याचे जाहीर होऊन नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संबंधित शिक्षणसंस्थांवर आली.