हास्यवायु आणि दारूबंदीचा निवाडा

नशेच्या पदार्थांविषयीं कायदा करणारास नेहमीं एकच अडचण पडते: पदार्थ एक, पण त्याचे उपयोग अनेक. हास्यवायु ऊर्फ नायट्रस ऑक्साइड हें याचें उत्तम उदाहरण होय. इ. स. १८०० मध्यें हम्फ्री डेव्ही यानें आपल्या ग्रंथांत या वायूनें होणाऱ्या उन्मादाचें वर्णन केलें, आणि शस्त्रक्रियेंत वेदना शमविण्यास तो उपयोगी पडेल असेंहि सुचविलें. लोकांनीं पहिली गोष्ट तेवढी उचलली. पुढें चाळीस वर्षें तो वायु करमणुकीच्या खेळांचाच विषय होता. १८४४ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें अशाच एका खेळांत पायास जखम होऊनहि वेदना न जाणवलेला मनुष्य होरेस वेल्स या दंतवैद्यानें पाहिला, तेव्हां कोठें त्याचें खरें मोल कळलें.

आज हाच वायु मलई फुगविण्याच्या नळकांड्यांतून हुंगला जातो. अतिरेकानें शरीरांतील ब-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतु बिघडतात. म्हणून न्यूयॉर्क संस्थानानें २०२१ सालीं २१ वर्षांखालील व्यक्तींस हीं नळकांडीं विकण्यास मनाई केली. इंग्लंडनें ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठीं तो बाळगणें हाच गुन्हा ठरविला, मात्र औषध व स्वयंपाक यांस मोकळीक ठेविली.

हा भेद मुंबई इलाख्यास अनुभवानें शिकावा लागला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव ‘मद्य’ या व्याख्येंत घातला. त्यामुळें औषधी आसवें व यूडीकोलोनहि त्या जाळ्यांत सांपडलीं. बलसारा नांवाच्या गृहस्थांनीं न्यायालयांत दाद मागितली. २५ मे १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला, परंतु औषधें व प्रसाधनें यांवरील बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. दारूबंदी टिकली, वैद्याचें कपाटहि बचावलें.

पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, आणि कालांतरानें कारखानदारी चाकणपर्यंत पसरली. जेथें रसायनें ही नित्याची सामग्री आहे, तेथें सरसकट बंदीनें उद्योग व रुग्णालय दोन्हीं अडतील; सरसकट मोकळीक दिली तर तरुणांच्या प्रकृतीची हानि होईल. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यांत एखादा पदार्थ ‘मादक’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारास आहेच. तो हास्यवायूवर चालविण्याचा प्रसंग आल्यास बलसारांचा निवाडा आधीं वाचावा. बंदी पदार्थाच्या नांवावर नसावी. त्याच्या दुरुपयोगावर आणि त्या दुरुपयोगासाठीं होणाऱ्या विक्रीवर असावी.