सोड्याची बाटली आणि रामगुंडमचे मनोरे

बाजारात गोटीचा सोडा फोडला की वायू फसफसून वर येतो. बाटलीत दाब होता तोवर तो पाण्यात मुकाट बसला होता. दाब जितका जास्त, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रजाने 1803 साली मांडला. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. संघटनेच्या कचेरीत पुस्तके चाळून हे शिकलो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

या नियमाला मोठे काम मिळाले ते खताच्या कारखान्यात. जर्मनीत ओपाऊ येथे 1913 साली अमोनिया निघू लागला. कोळशापासून हायड्रोजन मिळवताना सोबत कर्बाम्ल वायू, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, येई. तो दाबाखाली पाण्याने धुऊन काढीत. पुढे जर्मन कंपन्यांनीच पाण्याऐवजी अतिथंड मिथेनॉल वापरण्याची 'रेक्टिसॉल' पद्धत काढली. शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांवर मिथेनॉल पाण्याच्या कितीतरी पट वायू पिते आणि दाब उतरवताच बराचसा सोडून देते.

ही पद्धत आपल्या शेजारी आली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आपली मांजरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या काठाने खाली गेले की रामगुंडम. 1956 पर्यंत ते व आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. तेथे भारतीय खत महामंडळाचा कारखाना 1980 साली उत्पादन करू लागला. कोळशाचा वायू करायचा, त्यातला कर्बाम्ल वायू मिथेनॉलने शोषायचा, त्यातील काही अमोनियाशी जोडून युरिया करायचा. उरलेला आकाशात! युरियातलाही शेतात पडल्यावर हवेतच जातो. म्हणजे वायू धरला जाई, पण ठेवला कुठेच जात नसे.

वीजघराच्या धुराड्याला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तो धूर दाबाखाली नसतो आणि त्यात हा वायू जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. तेथे अमाईनसारखी, वायूला रासायनिक गाठ मारणारी द्रव्ये लागतात, आणि ती गाठ सोडवायला भरपूर वाफ खर्ची पडते.

या मनोऱ्यांवर राबणे जोखमीचे. मिथेनॉल दिसते दारूसारखे, पण पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. कर्बाम्ल वायू हवेहून जड. तो खड्ड्यात, टाकीत साचतो आणि आत उतरणारा गुदमरतो. कोणती झडप आधी उघडायची, हे कसब पुस्तकात पुरते मिळत नाही.

रामगुंडमचा तो कारखाना 1999 साली थांबला. पुढे कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन मोकळे केले. 2021 साली तेथे नवा कारखाना सुरू झाला, तो नैसर्गिक वायूवर. आता 2030 पर्यंत दहा कोटी टन कोळशाचा वायू करण्याचे सरकारचे लक्ष्य आहे. त्या मनोऱ्यांवर नवी पोरे चढतील, तेव्हा त्यांना शिकवायला जुन्यांपैकी कोणाला बोलावणार, हे अजून कोणी आम्हाला सांगितलेले नाही.