सहायकाचे नाव कायद्याच्या नोंदवहीत

दिल्लीतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रुग्णाचा बराचसा वेळ डॉक्टरांपेक्षा इतरांच्याच हाती जातो. कोणी रक्ताचा नमुना घेतो, कोणी क्ष-किरण चित्र काढतो, कोणी शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाला साहाय्य करतो. यांपैकी एकाने नळीवर चुकीचे नाव लिहिले किंवा रुग्णाचे गुपित बाहेर फोडले, तर त्याला जाब कोणी विचारायचा?

डॉक्टरांची केंद्रीय परिषद १९३३च्या कायद्याने अस्तित्वात आली. परिचारिकांसाठी १९४७मध्ये आणि औषधनिर्मात्यांसाठी १९४८मध्ये कायदा झाला. उरलेले बहुतेक सहायक मात्र डॉक्टरांच्या छायेतच राहिले. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेने अपात्र व्यक्तींना वैद्यकीय प्रावीण्याचे दाखले देण्यास मनाई केली. शस्त्रक्रिया-सहायक आणि तंत्र-सहायकांना स्वतःच्या देखरेखीखाली शिकवण्याची मुभा तेवढी ठेवली. थोडक्यात, सहायकाच्या नीतीची हमी त्याचा वरिष्ठ देणार, अशी ती व्यवस्था होती.

दिल्ली विधानसभेने १९९७मध्ये भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांसाठी परिषदेचा कायदा केला. पण तो दोनच व्यवसायांपुरता होता. २००७मध्ये लोकसभेत मांडलेले परावैद्यकीय परिषदांचे विधेयक २००९मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबरच व्यपगत झाले. अखेर मार्च २०२१मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा संमत केला. त्याने या व्यवसायांचे दहा वर्ग पाडले आणि डॉक्टरांच्या सहायकांनाही त्यांत स्थान दिले. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण ठरले. व्यावसायिक वर्तन व नीतिसंहिता यांचे नियमन आणि केंद्रीय नोंदवही ही कामे नवी दिल्लीत मुख्यालय असलेल्या आयोगाकडे सोपवली गेली.

कायदा झाला, तरी अंमलबजावणी रेंगाळली. ऑगस्ट २०२४मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

नोंदवहीत नाव असणे रुग्णाच्या हिताचे आहे, कारण तक्रारीला दार मिळते आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव वगळता येते. सहायकाच्या दृष्टीनेही तिचे मोल मोठे आहे. आजवर वरिष्ठाने अयोग्य काम सांगितले, तर नकार देणाऱ्यापाशी स्वतःच्या सदसद्विवेकाखेरीज काही नसे. यापुढे त्याच्या पाठीशी त्याच्या व्यवसायाची संहिता उभी राहू शकेल. मात्र त्यासाठी प्रत्येक राज्याची परिषद कागदावरून प्रत्यक्षात उतरायला हवी.