स्त्रियांच्या राखीव जागा आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व : नागपूरचा दाखला

१९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेतील ११२ जागांपैकी ३ जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. स्त्रिया हा एकजिनसी वर्ग आहे, असेच जणू या तरतुदीचे गृहीत होते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने त्या गृहीतास छेद दिला. दलित स्त्रियांना प्रतिनिधिक संस्थांत राखीव जागा असाव्यात, ही तिची मागणी होती. राखीव जागा कोणत्या स्त्रीच्या वाट्यास येणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याला दुसरे उत्तर संभवत होते. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. ही पद्धती व्यापक साक्षरता गृहीत धरते आणि शासनाच्या स्थैर्यास बाधक ठरते, असा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला, अल्पसंख्याकांचे हित निश्चित राखीव जागांनी अधिक साधते, असेही त्यांचे प्रतिपादन होते. सूचना फेटाळली गेली.

२०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांचे आरक्षण ५० टक्के केले. २०१७ च्या नागपूर महापालिका निवडणुकीत १५१ जागांसाठी ३८ प्रभाग होते; त्यांपैकी ३७ चार सदस्यांचे. परंतु प्रत्येक जागेसाठी मत स्वतंत्र असल्याने प्रभागातील प्रबळ पक्षास चारही जागा जिंकणे शक्य होते. भारतीय जनता पक्षास १०८ जागा मिळाल्या. स्त्रियांचा वाटा कायद्याने निश्चित झाला. पक्षांच्या प्रमाणास तसे कोणतेही संरक्षण नव्हते.

पसंतीक्रमाने मतदान झाले असते तर? १,००० मतांच्या चार सदस्यी प्रभागात २०१ मते मिळविणारा उमेदवार निवडून येतो. दोन जागा स्त्रियांच्या असल्यास दोन पुरुष निवडून येताच उरलेले पुरुष बाद करावे लागतात व त्यांची मते पुढील पसंतीस जातात. मतदाराने आपल्याच गटातील स्त्रीस पुढील पसंती दिली असेल, तर प्रमाण अबाधित राहते. लहान गटाने केवळ पुरुष उमेदवार दिला असेल, तर २०१ मते असूनही तो गट वंचित राहतो. खरा संघर्ष तो येथेच.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेतील पदवीधरांच्या १० जागांपैकी ५ राखीव असून त्यांतील एक स्त्रीसाठी आहे. नागपूर विद्यापीठही या कायद्याखाली येते. दहाही जागांची गणना एकत्र केल्यास सुमारे एक-अकरांश मते पुरतात. एकच जागा स्वतंत्र मोजल्यास निम्म्याहून अधिक लागतात. म्हणजे राखीव जागा जितकी वेगळी काढावी, तितकी ती बहुसंख्येच्या हाती जाते. १९४२ च्या परिषदेचे म्हणणे म्हणूनच आजही विचारार्ह आहे : स्त्रियांची संख्या निश्चित झाली, तरी त्यांना निवडणारे मतदार कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो.