लाईट गेली की पुन्हा १-१

आजचा एपिसोड गेम्सच्या इतिहासावर आहे. पण ग्राफिक्स कसे सुधारले, कुठला कन्सोल कधी आला, ही यादी मी वाचणार नाहीये. ती तुम्हाला कुठेही मिळेल. आज एकच प्रश्न घेऊया. गेममध्ये आपण 'पुढे जातो', म्हणजे नक्की काय पुढे जातं? आणि ते 'पुढे गेलेलं' साठतं कुठे?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. साल २००६. मे महिन्याची सुट्टी, जळगाव जिल्ह्यातलं आत्याचं गाव. आतेभाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, त्याला मी नुसतं दादा म्हणतो. त्याच्याकडे टीव्ही गेम होता. तोच तो, पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९९९ इन १' आणि आत जेमतेम पंधरा-वीस गेम्स, तेच तेच वेगवेगळ्या नावांनी. आम्ही खेळायचो फक्त मारिओ.

एके दिवशी दादा ८-३ ला पोचला. घरातली सगळी पोरं टीव्हीसमोर. आणि खट्. लाईट गेली. लोडशेडिंग! तीन तासांनी लाईट आली तेव्हा मारिओ १-१ वर उभा, जणू काही घडलंच नाही. मला रडू आलं. दादाने मात्र नुसता कंट्रोलर उचलला आणि स्टार्ट दाबलं.

त्या 'खट्'मागे खूप इतिहास आहे. चला, मागे जाऊया.

अमेरिकेत विल क्राउथर नावाचा एक प्रोग्रामर होता. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत तो अर्पानेटवर काम करायचा. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. याचा दुसरा नाद म्हणजे गुहा. केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही जगातली सगळ्यात लांब गुहा, तिथे तो आणि त्याची बायको पॅट्रिशिया आत उतरून नकाशे बनवायचे. पुढे त्यांचा घटस्फोट झाला. मग आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेवर एक गेम लिहिला, फॉरट्रॅन भाषेत. चित्र एकही नाही. स्क्रीनवर वर्णन यायचं, तुम्ही एक-दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात खजिने, कोडी आणि ३५० गुणांचा हिशेब टाकून तो वाढवला. हाच 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर'. आपण ज्याला अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणतो, ते नावच इथून आलं.

आता गंमत बघा. या गेममध्ये एक चक्रव्यूह आहे. त्यातल्या प्रत्येक खोलीचं वर्णन शब्दशः सारखं! मग कळणार कसं की आपण कुठे आहोत? लोकांनी युक्ती काढली. एका खोलीत दिवा टाकायचा, दुसरीत किल्ल्या, तिसरीत अन्न, आणि शेजारी कागदावर नकाशा काढायचा. म्हणजे खरी प्रगती त्या कागदावर होत होती. खऱ्या गुहेत सर्व्हे करणारे लोक हेच करतात. क्राउथरने गुहेबरोबर गुहेत काम करण्याची पद्धतही गेममध्ये आणली होती.

खेळ अर्धवट थांबवायची सोय या गेममध्ये होती, पण लगेच परत सुरू करता यायचा नाही. थोडा वेळ जाऊ द्यावा लागायचा. शिवाय ऑफिसच्या वेळेत 'गुहा बंद' ठेवायची सोयही होती, कारण एकच मोठा कॉम्प्युटर सगळे वाटून वापरायचे. आमच्या ऑफिसला ही आयडिया सांगू नका, प्लीज.

पण हे मोठ्या संस्थांमधल्या मशीन्सचं झालं. घरात टीव्हीला जोडायचा डबा आला तेव्हा गोष्ट वेगळी होती. अटारी २६०० ची रॅम होती १२८ बाईट. किलोबाईट नाही हं, बाईट! मी या एपिसोडचा पहिला परिच्छेद टाइप केला, तोही त्यात मावणार नाही.

अशा मशीनवर १९८२ मध्ये डेव्हिड क्रेनने 'पिटफॉल' बनवला. जंगल, खड्डे, मगरी, लोंबणाऱ्या वेली. एकूण २५५ स्क्रीन्स आणि कॅसेटची जागा ४ किलोबाईट. २५५ स्क्रीन्स त्यात साठवणं शक्यच नव्हतं. म्हणून क्रेनने ते साठवलेच नाहीत. त्याने एक छोटं सूत्र लिहिलं, जे एका आकड्यावरून पुढचा आकडा काढतं, आणि त्या आकड्यावरून त्या स्क्रीनवर काय असणार ते ठरतं. सूत्र तेच, म्हणून जंगलही दर वेळी तेच. त्यामुळे ते पाठ करता यायचं. २० मिनिटं, तीन जीव, ३२ खजिने. सगळे मिळवायचे तर जमिनीखालच्या भुयारातून शॉर्टकट घ्यावे लागायचे, आणि कुठलं भुयार घ्यायचं ते खेळून खेळून, नकाशा काढूनच कळायचं.

आणि मशीन बंद केलं की? सगळं गेलं. मग पुरावा काय? अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने सांगितलं, २०,००० च्या वर गुण मिळवा, टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवा, आम्ही कपड्यावर शिवायचा कापडी बिल्ला पाठवू. स्क्रीनशॉट नव्हता तेव्हाचा हा स्क्रीनशॉट. पोरांनी खरोखर फोटो काढून पोस्टाने पाठवले.

आता येऊ आपल्या मारिओकडे. १३ सप्टेंबर १९८५, जपान. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण ३२. अख्खा गेम ४० किलोबाईटचा. तुमच्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा लहान.

सेव्ह का नव्हतं, ते नीट समजून घेऊ. कॅसेटमध्ये असते रॉम. त्यातलं फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. मशीनमध्ये असते रॅम, फॅमिकॉममध्ये २ किलोबाईट. तिच्यावर लिहिता येतं, पण वीज आहे तोवरच. मारिओ कितव्या लेव्हलला आहे, नाणी किती, जीव किती, हे सगळं रॅममध्ये. वीज गेली की फळा पुसला. आमचा टीव्ही गेम म्हणजे त्याच फॅमिकॉमची स्वस्त नक्कल, त्यामुळे नियमही तोच.

मग ज्या गेममध्ये काहीच साठत नाही, त्यात माणूस पुढे जातो कसा? मियामोतोच्या टीमने उत्तर गेममध्येच लपवलं होतं. १-२ मध्ये शेवटाकडे छताच्या विटा फोडून वर चढा, बाहेर पडायच्या पाइपच्याही पुढे चालत जा, तिथे तीन पाइप आहेत. एक थेट वर्ल्ड ४ ला नेतो. ४-२ मध्ये एका विटेतून एक वेल वर जाते, तिथून वर्ल्ड ८. म्हणजे ३२ ऐवजी फक्त आठ लेव्हल खेळून गेम संपतो. पण ही चावी मशीन तुम्हाला देत नाही. ती तुमच्या डोक्यात असावी लागते. मला ती दादाने दिली. त्याला त्याच्या मित्राने. त्या मित्राला कोणी दिली, देव जाणे. आमच्या गावात मारिओची प्रगती अशी एका घरातून दुसऱ्या घरात जात होती, वीज असो वा नसो.

एक युक्ती मात्र दादालाही माहीत नव्हती. गेम ओव्हर झाल्यावर ए बटण दाबून ठेवून स्टार्ट दाबलं, तर ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. हे मला इंजिनिअरिंगला असताना कळलं. पार ओरडलो मी हॉस्टेलमध्ये. अर्थात लोडशेडिंगवर तेही औषध नाही, कारण तो आकडाही रॅममध्येच!

जपानमध्ये पुढच्याच वर्षी या प्रश्नावर दोन वेगवेगळी उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर कागदाचं. मे १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, युजी होरीईचा. साहसाचा मोठा गेम, एका बैठकीत संपणारा नाही. कॅसेटवर लिहिता येत नाही, तर लिहिणार कुठे? खेळणाऱ्याच्या वहीत! गेममधल्या राजाकडे गेलं की तो २० अक्षरांचा एक मंत्र सांगतो. तुमची ताकद, पैसे, सामान, सगळं त्या अक्षरांत गुंडाळलेलं. दुसऱ्या दिवशी तोच मंत्र टाइप करा, खेळ तिथूनच सुरू. पण एक अक्षर चुकलं की खेळ खलास. हिरागाना लिपीतली काही अक्षरं जवळपास सारखी दिसतात, आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म दिसतात तशी. त्यात जुना, धूसर टीव्ही. १९८७ च्या दुसऱ्या भागात तर हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत जायचा. विचार करा, एका चुकीच्या अक्षरापायी आठवड्याची मेहनत पाण्यात.

दुसरं उत्तर यंत्राचं. फेब्रुवारी १९८६ मधला 'द लेजंड ऑफ झेल्डा' जपानमध्ये डिस्कवर आला, तिच्यावर लिहिता यायचं. १९८७ मध्ये तो अमेरिकेत कॅसेटवर नेताना आत थोडी रॅम आणि एक बटणाएवढा सेल बसवला. मशीन बंद असलं तरी तो सेल रॅमला जागी ठेवतो. आता खेळणारा निवांत झोपू शकत होता. पण सेल तो सेलच. वर्षानुवर्षांनी संपतो, आणि संपला की त्या रात्री सगळे सेव्ह पुसले जातात, कोणाला न सांगता.

आपल्याकडे कॉम्प्युटर लॅबमधल्या पिढीला आठवत असेल 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये अ‍ॅपल टू वर बनवला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. त्यात सेव्ह होतं, पण तिसऱ्या लेव्हलपासून पुढे. आणि खोच अशी की मोजून ६० मिनिटं मिळायची आणि सेव्ह केलं की उरलेली मिनिटंही सेव्ह व्हायची. वेळ वाया घालवून तुम्ही सेव्ह केलं, तर तो वाया गेलेला वेळ कायमचा तुमच्या गळ्यात.

आणि आज? आज बऱ्याच गेम्समध्ये सेव्ह बटणच नाही, कारण सगळं आपोआप सेव्ह होतं. कुठे, ते आपल्याला माहीतही नसतं. मी स्वतः नोकरीत हेच करतो, लोकांचा डेटा हरवू नये याचा कोड लिहितो.

गेल्या वर्षी माझा फोन पाण्यात पडला. त्यात एक गेम होता, बसमध्ये खेळायचो, ६०० च्या पुढची लेव्हल. गेस्ट लॉगिन केलं होतं, त्यामुळे सगळं गेलं. चूक माझीच. नव्या फोनवर पहिल्यापासून सुरू केला आणि लक्षात आलं की मी पहिल्या दिवशी खेळायचो तसाच आजही खेळतोय. ६०० लेव्हल सर्व्हरवर होत्या. माझ्यात त्यातलं काहीच उतरलं नव्हतं.

मग भाऊबीजेला बाबांबरोबर आत्याकडे गेलो. दादाने माळ्यावरून तो जुना डबा काढला. कॅसेटमध्ये फुंकर मारली (फुंकरेने काही होत नाही बरं का, उलट ओलाव्याने पिना खराब होतात. काढून परत नीट बसवली की चालते, आपल्याला वाटतं फुंकर लागली). टीव्हीवर १-१ उमटलं. मी पंधरा वर्षांत हात लावला नव्हता. तरी १-२ च्या छतावर अंगठा आपोआप गेला.

दादाबद्दल एक सांगायचं राहिलं. तो बारावीला दोनदा नापास झाला. आमच्या नातेवाइकांत त्याच्याबद्दल एकच वाक्य होतं, 'तो जिथल्या तिथेच राहिला.' मी इंजिनिअर झालो, पुण्याला गेलो, माझी लेव्हल सगळ्यांना दिसत होती. दादा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात हाताखाली लागला. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. शेतकरी जळालेली मोटर टेबलावर ठेवतो, दादा तिचा वास घेतो आणि काय बिघडलंय ते सांगतो. हे कुठल्या मार्कशीटवर सेव्ह झालं? मीही ते वाक्य ऐकून गप्प बसायचो, हे मला त्या दिवशी माळ्याखाली उभं राहून आठवलं.

दादा ८-२ ला मेला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "पप्पा, यात सेव्ह कुठे होतं?"

"होत नाही. परत खेळायचं," दादा म्हणाला, आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. ती पहिल्याच शत्रूला धडकून मेली. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा उडी मारली.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या हातात अजून शिल्लक असलेला गेम कोणता, आणि तो तुम्हाला कोणी शिकवला, कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि शिकवणारा अजून संपर्कात असेल, तर त्याला एक फोन करा. मी केलाय. दादा म्हणतो, ८-४ मधला कुठला पाइप बरोबर ते तो विसरलाय. यावेळी सांगायची पाळी माझी आहे.