मनुष्य-मासाचा हिशेब

भाषेचा अध्यापक संगणकाच्या इतिहासाकडे कसा वळला, असे कुतूहल आपल्या मनात असेल. कारण साधे आहे. आपल्या भाषेत अंदाज, मुदत आणि वायदा हे तीन निराळे शब्द आहेत. काम किती दिवसांत होईल याविषयीचे आपले मत म्हणजे अंदाज. ते केव्हा हवे हे सांगते ती मुदत. आणि केव्हा देऊ याचे वचन म्हणजे वायदा. या तिहींची गल्लत झाली की काय ओढवते, याचे बोलके उदाहरण 'ओएस/३६०' या कार्यप्रणालीच्या इतिहासात सापडते.

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 'सिस्टिम/३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरही चालावी, ही त्यामागील कल्पना त्या काळी धाडसाची होती. या यंत्रांचा अंतर्गत कारभार पाहणारी प्रणाली रचण्याची जबाबदारी फ्रेडरिक ब्रुक्स यांच्यावर आली. ऐन भरात हजारांहून अधिक माणसे या कामावर होती. १९६३ ते १९६६ या काळात त्यावर सुमारे पाच हजार मनुष्य-वर्षे खर्ची पडली, असे ब्रुक्स यांनी पुढे नमूद केले. तरीही प्रणाली उशिरा आली आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला.

त्यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग मननीय आहे. प्रणालीचा तपशीलवार आराखडा लिहायचा होता. रचनाप्रमुखाजवळ दहा निष्णात माणसे होती. आम्हांला दहा महिने लागतील, असे त्याने सांगितले. म्हणजे मुदतीपेक्षा तीन महिने अधिक. दुसऱ्या प्रमुखाजवळ दीडशे माणसे होती. हे काम आम्ही मुदतीत करू, नाहीतर माझी माणसे रिकामी बसतील, असे त्याचे म्हणणे. ब्रुक्स यांनी दीडशेंचा मार्ग स्वीकारला. आराखडा अखेर तीन महिने उशिराच झाला आणि दर्जाही उतरला. त्यातील विसंगतींमुळे पुढे दोष काढण्यातच एक वर्ष अधिक गेले असावे, असा ब्रुक्स यांचा कयास होता.

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात त्यांनी या अपयशाची मीमांसा केली. माणसे आणि महिने यांचा गुणाकार करून काम मोजता येते, हाच मुळी भ्रम आहे. वाफ्यातील भाजी खुडणारे हात दुप्पट केले तर वेळ निम्मा होईल. पण परस्परांवर अवलंबून असलेल्या बौद्धिक कामात प्रत्येकाला इतरांशी बोलावे लागते. पाच माणसांत संवादाच्या दहा जोड्या होतात, दहांत पंचेचाळीस, पन्नासांत बाराशे पंचवीस! शिवाय नवागताला शिकवण्यासाठी जुन्यालाच हातातले काम सोडावे लागते. म्हणून रखडलेल्या कामावर ऐनवेळी माणसे वाढवली तर ते अधिकच रखडते. ब्रुक्स यांच्या हिशेबात प्रत्यक्ष आज्ञा लिहिण्यास एकषष्ठांश वेळ होता. निम्मा वेळ त्यांनी चाचणीसाठी राखला होता. नेमका हाच निम्मा भाग घाईच्या नियोजनात आधी कापला जातो.

पुढे मोजमापाची साधने आली. १९७९ मध्ये ॲलन आल्ब्रेक्ट यांनी आज्ञावली वापरणाऱ्याला काय काय देते यावरून तिचे आकारमान मोजण्याची पद्धत मांडली. १९८१ मध्ये बॅरी बोहम यांनी त्रेसष्ट प्रकल्पांच्या अभ्यासातून 'कोकोमो' हे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. आकार दुप्पट झाला की श्रम दुपटीहून अधिक होतात, हे त्यातून दिसते. परंतु वरिष्ठांनी मुदत आधीच ठरवली असेल, तर त्या मुदतीला साजेसे आकडे समीकरणात भरण्याचा मोह कोणते प्रतिमान आवरणार?

ब्रुक्स यांना १९९९ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २०२२ मध्ये ते निवर्तले. आपली चूक त्यांनी नावानिशी आणि आकड्यांनिशी लिहून ठेवली, हे मला त्यांच्या विद्वत्तेइतकेच मोलाचे वाटते. या शाळेचे अनेक विद्यार्थी आज याच व्यवसायात आहेत. तुम्हांपैकी कोणाला उद्या "किती दिवस लागतील?" असे विचारले गेले, तर समोरच्याला अंदाज हवा आहे की वायदा, हे आधी विचारून घ्या. आणि दहा महिने लागणार असतील, तर दहाच सांगा.