सोळा गुंठ्यांचं चित्र आणि सीनाबाईंचं गाव

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वह्या भरल्या, चहा झाला आणि बायका उठायला लागल्या. तेवढ्यात एका ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाईल घेऊन आली. मोबाईलवर समुद्रकिनारा होता. मोबाईल उजवीकडे फिरवला की किनारा सरकायचा, आणखी फिरवला की वाळूच्या टेकड्या यायच्या, मग कौलारू घरं, चर्चचा मनोरा, आणि पुरती गिरकी घेतली की पुन्हा समुद्र. आमच्यातल्या एक आजी मोबाईल धरून जागच्या जागी गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "फोटो भारी काढलाय गं." ती मुलगी म्हणाली, "आजी, फोटो नाही. हातानं रंगवलंय. सव्वाशे वर्षांच्याही आधी."

मग कसली घाई! सगळ्या परत बसल्या. त्या दिवसापासून आम्ही या चित्राच्या मागे लागलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

चारी बाजूंनी दिसणारं चित्र ही मोबाईलच्या जमान्यातली गोष्ट आहे असं आम्हाला वाटत होतं. पण ही युक्ती फार जुनी. स्कॉटलंड देशात एडिंबरा शहर आहे. तिथे रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकारानं १७८७ साली तिचं पेटंट घेतलं. शहरातल्या एका टेकडीवर उभं राहून चहूकडचा देखावा कागदावर उतरवायचा, तो मोठा करून गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर लावायचा आणि बघणाऱ्याला मधोमध उभं करायचं. याला पुढे 'पॅनोरामा' नाव पडलं. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून ते केलंय, अर्थ 'सगळं दिसणं'. १७९३ मध्ये बार्करनं लंडनमध्ये खास त्यासाठी गोल इमारत उभारली. लोक तिकीट काढून यायचे. सिनेमा नव्हता, फोटो नव्हते, दूरचा देश बघायचा तर हाच मार्ग. १८३१ मध्ये लंडनच्या लोकांनी आपल्या मुंबई बेटाचं आणि बंदराचं असंच गोल चित्र पैसे देऊन पाहिलं. अशी कितीतरी चित्रं पुढे फाटली, कापली गेली, नाहीशी झाली. थोडीच उरली, आणि आम्ही मोबाईलवर पाहिलं ते त्यातलंच एक.

हे चित्र नेदरलँड्स देशातल्या हेग शहरात आहे. त्याला म्हणतात 'पॅनोरामा मेसडाग'. जवळजवळ १४ मीटर उंच आणि गोल मापलं तर सुमारे १२० मीटर लांब. आम्ही हिशोब घातला. कापड जमिनीवर अंथरलं तर सोळा गुंठ्यांहून थोडं जास्तच भरतं. एवढं कापड रंगवून झालं काही महिन्यांत, आणि १ ऑगस्ट १८८१ ला ते लोकांसाठी उघडलं.

त्याच्या शेजारीच स्खेव्हेनिंगन नावाचं कोळ्यांचं गाव. नाव उच्चारताना आमची जीभ चार वेळा अडखळली, तुमचीही अडखळेल. या गावाला तेव्हा बंदर नव्हतं. सपाट बुडाच्या होड्या थेट वाळूवर ओढून आणायच्या. मासळी उतरली की गावच्या बायका पाट्या भरून हेगच्या बाजारात पायी न्यायच्या. किनाऱ्यालगत वाळूची एक उंच टेकडी होती. ती सपाट करून तिथे कॉफीचं हॉटेल बांधायचं चाललं होतं. टेकडी गेली की वरून दिसणारा देखावाही जाणार. हेन्ड्रिक विल्यम मेसडाग हे समुद्राची चित्रं काढणारे नावाजलेले चित्रकार. एका बेल्जियन कंपनीनं त्यांना गोल चित्राचं काम दिलं आणि त्यांनी याच टेकडीवरचा देखावा निवडला.

काढलं कसं, ते ऐका. टेकडीवर काचेची एक मोठी गोल नळी उभी केली. मेसडाग तिच्या आत बसले. काचेतून जे दिसलं, ते त्याच काचेवर जागच्या जागी रेघांनी गिरवलं. जात्यापाशी बसून आपण भोवतालच्या भिंतीला सारवण घालावं, तसं. मग काचेवरच्या रेघा मोठ्या करून त्या अजस्र कापडावर उतरवल्या.

पण सोळा गुंठे एकट्या माणसाच्या हातून कसे रंगायचे? मदतीला इतर चित्रकार होते. थिओफिल द बॉक होते, पुढे मोठं नाव झालेले ब्राइटनर होते. किनाऱ्यावर कवायत करणारे घोडेस्वार ब्राइटनरनी रंगवले. आणि घरं, छपरं, गल्ल्या, म्हणजे गावाचा भाग रंगवला मेसडाग यांच्या पत्नी सीना यांनी.

सीना हे नाव ऐकून आमच्यातल्या एक ताई हसल्या. त्यांचं माहेर सोलापूरकडचं, सीना नदीच्या काठचं. तेव्हापासून आम्ही त्यांना सीनाबाईच म्हणतो. त्यांचा जन्म १८३४ चा, लाकडाचा व्यापार करणाऱ्या घरातला. १८५६ मध्ये लग्न झालं. नवरा बँकेत होता आणि फावल्या वेळात चित्रं काढायचा. सीनाबाईंचे वडील गेल्यावर त्यांच्या वाट्याला वारसा आला. त्या पैशाच्या आधारावर मेसडाग यांनी पस्तिशीत, १८६६ मध्ये, बँकेची नोकरी सोडली आणि पुरते चित्रकार झाले. हा तपशील वाचला तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नवऱ्याचा धंदा उभा करायला बायकोनं गटातून कर्ज उचलायचं आणि दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं, अशी उदाहरणं आमच्या ग्रामसंघात बोटांवर मावायची नाहीत. तक्रार म्हणून सांगत नाही. पण वही आमच्याकडे असते, त्यामुळे आम्हाला माहीत असतं.

सीनाबाईंना एकच मुलगा होता, क्लास. तो १८७१ मध्ये गेला, आठ वर्षांचा होता. त्यानंतर त्यांनी स्वतः मन लावून चित्रं काढायला घेतली. तेव्हा वय छत्तीस-सदतीस. गोल चित्राच्या वेळी शेहेचाळीस. या बाईंच्या भावाचंही नाव सांगायला हवं. सॅम्युएल व्हॅन हौटन. बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला बंदी घालणारा त्या देशाचा पहिला कायदा त्यांनी १८७४ मध्ये आणला. शेतातलं आणि घरातलं काम मात्र त्यात धरलं नव्हतं. ते कुठे कोण धरतं!

आता चित्रातली एक जागा. किनाऱ्याच्या वाळूवर पांढऱ्या छत्रीखाली एक बाई चित्र काढत बसलेली दिसते. त्या सीनाबाई. नवऱ्यानं त्यांना तिथे रंगवलंय. म्हणजे गाव त्यांच्या हातचं आणि त्या स्वतः त्याच्या हातच्या. चित्राला नाव 'मेसडाग'. आडनाव बाईंचंही तेच होतं, पण ऐकणारा एकच मेसडाग धरतो. आम्हीही पहिल्यांदा तसाच धरला होता.

बघायला जायचं तर आधी अंधाऱ्या बोळातून आणि मग गोल जिन्यानं वर चढायचं, असं तिथे करून ठेवलंय. वर आलं की डोळे दिपतात, कारण उजेड छतातून पडतो आणि फक्त चित्रावर पडतो. डोक्यावर छत्रीसारखं छप्पर, त्यामुळे कापडाची वरची कड दिसत नाही. पायाशी खरी वाळू पसरलीय, त्यामुळे खालची कडही दिसत नाही. खरी वाळू कुठे संपली आणि रंगवलेली कुठे सुरू झाली, हे सापडत नाही.

कंपनीला हा धंदा झेपला नाही. १८८६ मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि चित्र लिलावात आलं. मेसडाग यांनी ते स्वतः विकत घेतलं, म्हणून ते उरलं. गावाचं मात्र रूप पालटलं. १८९४ च्या डिसेंबरात मोठं वादळ झालं, वाळूवरच्या होड्यांची मोडतोड झाली, आणि मग १९०४ मध्ये बंदर बांधलं गेलं. वाळूवर होड्या ओढणं संपलं. ते गाव तसं होतं हे बघायचं तर सीनाबाईंनी रंगवलेल्या छपरांकडेच जावं लागतं.

हे सगळं आमच्या डोक्यात घोळायचं कारण आमच्या गावातला जुना आड. नळ आले, आड वापरात राहिला नाही, आता तो बुजवून वर शेड घालायचं ठरतंय. शेड नको असं आमचं म्हणणं नाही. पण त्या आडाच्या काठावर उभं राहून जे दिसायचं ते काढून ठेवावं असं वाटलं. गावातले काही जण म्हणाले, चावडीच्या पारावरून काढा, तिथून सगळं गाव दिसतं. आम्ही पारावर जाऊन पाहिलं. देऊळ दिसतं, सोसायटी दिसते, बसथांबा दिसतो. पाण्याच्या वाटेची आमची गल्ली दिसतच नाही. आडावरून दिसते.

त्या मुलीनं आम्हाला रीत सांगितली. कागद उंचीच्या दुप्पट लांब हवा. आम्ही दोन कार्डशीट बावीस-बावीस इंचांच्या चौकोनात कापून जोडल्या. मधोमध आडवी रेघ, ती आपल्या डोळ्यांची पातळी. कागदाला उभ्या आठ घड्या घातल्या. समोरचं मध्यावर, डावं-उजवं दोन्हीकडच्या पाव भागावर, आणि पाठीमागचं अर्धं या टोकाला, अर्धं त्या टोकाला. दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. वरची सगळी कड म्हणजे डोक्यावरचा एकच बिंदू, खालची सगळी कड म्हणजे पायाखालचा एकच बिंदू. म्हणून डोक्यावर आलेली लिंबाची एक फांदी आम्हाला कागदभर ताणून काढावी लागली. कागदावर ती वेडीविद्री दिसते, मोबाईलमध्ये वर बघितलं की नीट बसते.

पहिला कागद फुकट गेला. शाळेची लांब भिंत आडाजवळून जाते. आम्ही ती पट्टी लावून सरळ आखली. मोबाईलमध्ये बघतो तर भिंत आमच्याभोवती कढईच्या काठासारखी गोल फिरलेली! बार्करलाही दोनशे वर्षांपूर्वी हीच अडचण होती. गोलात सरळ दिसायची रेघ कागदावर वाकडी काढावी लागते. जवळची भिंत आंब्याच्या पानासारखी काढायची, मध्ये रुंद आणि लांब जाताना दोन्हीकडे निमुळती. हे कळायला आम्हाला दोन रविवार लागले. ज्या आजी मोबाईल घेऊन गोल फिरल्या होत्या, त्यांना मात्र लगेच समजलं. त्या म्हणाल्या, "जवळचं मोठं, लांबचं बारीक, एवढंच ना?"

दुसऱ्या कागदाचं काम चालू आहे. प्रत्येकीनं आपल्या घराची बाजू वाटून घेतलीय आणि मागच्या बाजूला कुणी काय काढलं त्याची नावं लिहितोय. धुण्याचा दगड झाला, गल्ली झाली, लिंब झाला. आडाचा रहाट तेवढा राहिलाय. तो निघून बरीच वर्षं झाली, आणि त्याला खुंट्या किती होत्या यावर दोन काकूंचं अजून जमलेलं नाही.